डेल्को फिरवण्याआधी

दिवे घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर जरा जोरात दाबला की आमच्या गाडीच्या बॉनेटखालून किणकिण यायची. पत्र्याच्या डब्यात मूठभर चणे टाकून कुणी हलवावेत तशी. पाय उचलला की बंद. गाडी १९९७ सालची, तीन सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून देणारं जुनं साधन असलेली. सासवडला मामांकडे महिन्यातून दोनदा तरी जाणं व्हायचं, म्हणून कंटाळून एका गॅरेजात दाखवली. पोराने डेल्कोचा, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, बोल्ट सैल केला, डेल्को किंचित फिरवला, बोल्ट कसला. पाच मिनिटांचं काम. किणकिण गायब!

पुढच्या रविवारी त्याच घाटात तिसरा गिअर टिकेना. दुसऱ्यात टाकून चढवली, तर वर पोचेपर्यंत तापमानाचा काटा कधी नव्हे तो वर सरकलेला. महिनाभरात अ‍ॅव्हरेजही पडलं. एक तक्रार घेऊन गेलो होतो, तिच्या बदल्यात दुसरी घेऊन आलो.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे फार घडतं. 'नॉकिंग करते' आणि 'पिकअप नाही' या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून मांडल्या जातात, आणि एकीवरचा झटपट इलाज नेमका दुसरी तक्रार जन्माला घालतो. असं का होतं हे कळायला सिलिंडरच्या आत डोकवायला हवं.

पेट्रोल इंजिनात स्फोट होतो असं आपण शाळेत शिकलो. खरं तर तिथे स्फोट होता कामा नये. प्लगची ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण एका बाजूने जळत जळत दुसऱ्या बाजूला जातं. फाल्गुनात डोंगरावरचं वाळलेलं गवत खालून पेटतं आणि जाळाची रेघ वर सरकत जाते, तसं. फक्त हा सगळा प्रवास जेमतेम अडीच-तीन मिलिसेकंदांचा. दाब चढत जातो आणि पिस्टनला खाली रेटतो. पण जाळाची रेघ पोचायच्या आतच पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतकं तापलं की ते आपलं आपणच, एकदम पेटलं, तर मात्र खराखुरा स्फोट होतो. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते आणि धातू वाजतो. हीच ती किणकिण, म्हणजे नॉकिंग. ती थोडा वेळ झाली तर काही बिघडत नाही. रोज तासन्‌तास झाली तर पिस्टनची कड झिजते, रिंगांमधला भाग तुटतो, हेडखालचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाखालचं, गॅस्केट उडतं.

आता टायमिंग. मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन पार वर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी द्यावी लागते. झोपाळ्याला धक्का देण्यासारखंच आहे हे. झोका परतायला लागला की दिलेला धक्का लागू पडतो. आधी दिला तर अंगावर येणाऱ्या झोक्याला अडतो, उशिरा दिला तर हात नुसता हवेत फिरतो. ठिणगी फार लवकर पडली की दाब वेळेआधी चढतो आणि कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटायला टपलेलंच असतं. डेल्को फिरवून ठिणगी उशिरा केली की सर्वोच्च दाब कमी होतो आणि नॉकिंग थांबतं. पण जळण लांबतं. जी उष्णता पिस्टनला ढकलायची, ती सायलेन्सरमधून आणि रेडिएटरच्या पाण्यातून वाया जाते. माझा चढलेला काटा, पडलेलं अ‍ॅव्हरेज आणि दुसरा गिअर या तिन्हींचा हिशेब इथे लागतो.

म्हणून पहिला प्रश्न 'आवाज कसा बंद करू' हा नाही. ते मिश्रण मुळात इतकं का तापतंय, हा आहे.

त्याच्याही आधी आणखी एक गोष्ट ठरवायची: हा आवाज नॉकिंगचाच आहे ना? गॅरेजात प्रत्येक खडखडीला नॉकिंगच म्हणतात. नॉकिंगची ओळख अशी, की ते ओझ्याखाली येतं. चढ, वरचा गिअर, कमी आरपीएम, दाबलेला पाय. गिअर खाली आणला किंवा पाय सोडला की जातं. गाडी जागेवर उभी, स्लोवर, म्हणजे पाय न दाबता, चालू, आणि तरी टकटक येतेय, तर ते नॉकिंग नव्हे. हलकी, एकसुरी, शिलाई मशिनसारखी टकटक बहुधा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटची. थंड इंजिनात येणारी आणि गरम झाल्यावर जाणारी ठोकठोक पिस्टनची, सिलिंडरचं बोअर जरा सैल झालेलं असतं, पण तसं वर्षानुवर्षं चालू शकतं. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तरी फट्‌-फट्‌ असा टॅपेटसारखाच आवाज येतो, आणि कित्येकदा बिचारे टॅपेट उगीच सेट केले जातात.

एक आवाज मात्र वेगळा. खोल, जड, लाकडावर मुठीने ठोकल्यासारखा, आरपीएमबरोबर वाढणारा, पाय सोडताना जास्त स्पष्ट ऐकू येणारा. हे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. सोबत ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर गाडी तिथेच बाजूला घ्या, बंद करा आणि टोइंग मागवा. 'गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ' म्हणणाऱ्यांनी रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलेला पाहिलेला नसतो.

ओझ्याखालची किणकिण आहे असं ठरलं तरी खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. टाकी जवळपास रिकामी असताना पाच-सात लिटर जास्त ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल भरा आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये जा. आवाज बराच कमी झाला तर ते नॉकिंग. तसाच राहिला तर काहीतरी सैल किंवा झिजलेलं आहे. प्रीमियम पेट्रोल इथे औषध म्हणून नाही, थर्मामीटर म्हणून वापरायचं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असा गैरसमज सगळीकडे आहे. ऑक्टेन म्हणजे स्वतःहून न पेटण्याचा संयम. १९२६ साली ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी मांडली. आयसोऑक्टेन अजिबात लवकर पेटत नाही, त्याला १००. एन-हेप्टेन लगेच पेटतं, त्याला शून्य.

त्याच्याआधीची गोष्ट मला जास्त आवडते. आपण डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतो ते अमेरिकेतल्या डेटन गावच्या एका कंपनीच्या नावावरून. तिच्या संस्थापकांपैकी चार्ल्स केटरिंग याने बॅटरीवर चालणारं इग्निशन आणलं, आणि गाड्या नॉकिंग करतात याचं खापर लोकांनी त्या इग्निशनवरच फोडलं. दोष इंधनात आहे हे सिद्ध करायला केटरिंगने थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला कामाला लावलं. डिसेंबर १९२१ मध्ये मिजलीला इलाज सापडला तो टेट्राएथिल लेड, म्हणजे पेट्रोलमधलं ते कुप्रसिद्ध शिसं. नॉकिंग थांबलं, पण पुढची कित्येक दशकं जगभरची माणसं शिशाची हवा पीत राहिली. आपल्याकडे शिसंविरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आलं आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर सक्तीचं झालं. थोडक्यात काय, डेल्कोवर आळ घ्यायची सवय शंभर वर्षं जुनी आहे.

याचा आपल्या गाडीशी संबंध असा. नव्वदच्या दशकात आपल्याकडचं साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनच्या आसपास होतं, पुढे ते ९१ झालं. म्हणजे तुमची जुनी गाडी ज्या पेट्रोलसाठी बनली, त्याहून आजचं पेट्रोल अधिक संयमी आहे. तरीही ती आज नॉकिंग करत असेल तर 'हल्लीचं पेट्रोल वाईट' हे कारण सहसा पुरत नाही. भेसळ असू शकते हे मान्य, रॉकेल मिसळलं की ऑक्टेन धाडकन पडतो. पण भेसळीचं नॉकिंग टाकी भरल्याबरोबर सुरू होतं आणि दुसऱ्या पंपावर भरलं की जातं. संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा. पेट्रोलचा थेंब टाका, उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. तो मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे, उपकार नाही.

इथेनॉलचं प्रकरण जरा तिरपागडं आहे. इथेनॉल नॉकिंगला उलट आवरतं. पण पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. जुना कार्ब्युरेटर शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, लावून बसलेला असतो. त्यात २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं की मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरवरून हे सावरून घेते, कार्ब्युरेटरला ते कळतच नाही. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला चिकट थर सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं, जुने रबरी पाइप फुगवतं किंवा कडक करतं, आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत ओल ओढून घेतं.

पातळ मिश्रण हे नाव लक्षात ठेवा. जुन्या गाडीत नॉकिंग आणि पिकअप जाणं एकाच वेळी आलं, तर पहिला संशयित तोच. जरा पातळ मिश्रण सावकाश जळतं आणि सिलिंडर जास्त तापवतं. तापलेला सिलिंडर नॉकिंग करतो, आणि इंधनच कमी म्हणून ताकदही मिळत नाही. दोन तक्रारी, मूळ एक.

पातळ होण्याचं कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असतं. व्हॅक्यूमचा एखादा तडकलेला पाइप, कार्ब्युरेटरच्या बुडाचं सुकलेलं गॅस्केट, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डचा सैल नट, नाहीतर चोंदलेला फ्युएल फिल्टर. फिल्टरची किंवा पंपाची ओळख निराळी: गावात गाडी झकास, हायवेवर एका दमात दहा मिनिटं दामटली की झटके देऊन हात टेकते, जरा थांबलं की पुन्हा बरी. हवा चोरून आत जात असेल तर स्लो टिकत नाही, वरखाली होतं, बॉनेट उघडून कान दिला तर बारीक सूंऽऽ ऐकू येते. पक्कडीने एकेक रबरी पाइप चिमटून बघा. ज्याच्यावर इंजिनाचा सूर बदलतो तिथे पाणी मुरतंय.

आता पिकअपकडे. इथे मात्र इंजिनाला हात लावण्याआधी पायाखालचं मॅट बघा. थट्टा नाही करत. जाड मॅट पेडलखाली दुमडून पेडल पुरतं न दाबलं जाणं, किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणून लांबलेली असणं, या दोन गोष्टींनी कित्येक इंजिनं बदनाम झाली आहेत. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळाला दाबायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून थ्रॉटल पूर्ण फिरतोय का बघायचं. मग दहा-पंधरा किलोमीटर जाऊन या, ब्रेक फार न मारता थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एखादं चाक इतरांहून चटके देत असेल तर ब्रेक चिकटतोय, इंजिन बिचारं ओढून दमतंय. आणि पाय दाबल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी धावत नाही, आरपीएम चढतो आणि वेग चढत नाही, तर क्लच गेला. या तिन्हींना इंजिन दुरुस्तीची गरज नाही.

एक दोष असाही आहे जो दोषच नाही. मुंबईहून महाबळेश्वरला गेलात की उंची साधारण १,३५० मीटर. हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के ताकद जाते, म्हणजे वर बारा-तेरा टक्के गेलीच. हवाच विरळ, त्याला मिस्त्री काय करणार? तिथे नॉकिंग उलट कमी होतं, आणि कार्ब्युरेटरची गाडी काळा धूर धरते.

मग प्लग काढा. खरं सांगायचं तर तीनशे रुपयांच्या पान्यात मिळणारी इतकी माहिती दुसऱ्या कशात नाही. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. कोरडं काजळ असेल तर पेट्रोल जास्त, किंवा हवा अडवणारा चोक अडकलाय, किंवा एअर फिल्टर चोंदलाय. ओलं, तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर मिश्रण पातळ किंवा सिलिंडर अति गरम. तिन्ही प्लग एकसारखे असतील तर दोष सामायिक आहे, म्हणजे कार्ब्युरेटर, टायमिंग, पेट्रोल. एकच वेगळा असेल तर त्याच सिलिंडरमध्ये काहीतरी आहे. पावसाळी रात्री अंधारात बॉनेट उघडून, हात लांब ठेवून, चालू इंजिनाकडे बघा. प्लगच्या वायरींवर निळ्या ठिणग्या नाचत असतील तर करंट वाटेतच गळतोय.

मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर अधूनमधून न पेटणं, सगळ्या उपायांनंतरही राहिलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशनचा करंट तोडलेला, अ‍ॅक्सिलरेटर तळाला, स्टार्टर पाच-सहा आवर्तनं. आकडा किती यापेक्षा आकड्यांत फरक किती हे महत्त्वाचं, आणि दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त असेल तर काळजी. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकत्र पडले असतील तर मधलं गॅस्केट उडालंय. आणि उलट, आकडे पुस्तिकेतल्यापेक्षा जास्त आले तर आत कार्बनचे थर साचलेत: जागा कमी, दाब जास्त, म्हणून नॉकिंग. चावी बंद केल्यावरही इंजिन क्षणभर कण्हत राहतं ती याच प्रकारातली खूण, लालबुंद कार्बनच ठिणगीचं काम करतो.

गॅसच्या गाड्यांबद्दल दोन शब्द. सीएनजी जरा सावकाश पेटतो आणि नॉकिंगला दाद देत नाही, म्हणून किट बसवणारे बरेचदा टायमिंग पुढे, म्हणजे ठिणगी आणखी आधी, करून ठेवतात. गॅसवर गाडी खूश, पेट्रोलवर टाकली की घाटात किणकिण. नॉकिंग फक्त पेट्रोलवर येत असेल तर आधी हे विचारा. जुन्या गाडीत गॅसमुळे व्हॉल्व्हच्या सीटाही लवकर झिजतात. व्हॉल्व्ह आत रुततो, टॅपेटची फट संपते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. गंमत म्हणजे तेव्हा टॅपेटचा आवाज कमी होतो. वाजणारे टॅपेट अचानक गप्प झाले आणि पिकअपही गेला, तर खूश होऊ नका.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय मराठवाड्यात आणि पुण्याच्या आसपासही आहे. दहा-वीस वर्षांत क्षारांनी आतल्या वाटा बुजतात, आणि काटा लाल पट्ट्यात न जाताही हेड आतून तापलेलं राहतं. त्यानेही नॉकिंगच होतं.

२००० नंतरच्या इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत हे सगळं असतं, फक्त ऐकू येत नाही. ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असेल, तर तो किणकिण आपल्या आधी ऐकतो आणि कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो. म्हणजे त्या गॅरेजातल्या पोराने जे केलं तेच, सेकंदाला कित्येकदा. गाडी गप्प राहते आणि तुम्हाला जाणवतो तो फक्त मंदपणा. अशा गाडीत स्कॅनर लावल्यावर 'टायमिंग किती मागे जातंय' हे जरूर विचारा.

माझ्या गाडीचं काय झालं? मामांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री सासवडला होते. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, "चला, घाटाकडं घ्या." उतरून पुन्हा चढायला लागलो तसं म्हणाले, "आता चोक एवढासा ओढा, नखभर." ओढला. मेलेली गाडी एकदम जागी झाली. चोक ओढला की हवा कमी होते, मिश्रण घट्ट होतं. घट्ट केल्यावर सुधारली म्हणजे ते पातळ होतं. सगळं निदान त्या नखभर ओढण्यात झालं. परत आल्यावर त्यांनी कार्ब्युरेटरच्या बुडाचं गॅस्केट काढून दाखवलं, वाळक्या पापडासारखं तडकलेलं. डेल्कोच्या व्हॅक्यूमचा पाइपही तोंडाने ओढून बघितला, तो धरत होता.

मग स्ट्रोब लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, लावून टायमिंग खुणेवर आणलं, आणि पुन्हा घाट. विठ्ठलाच्या मूर्तीच्या अलीकडच्या वळणावर, तिसऱ्यात, पाय तळाला असताना दोन क्षण बारीक किणकिण आली आणि विरली. मी दचकून त्यांच्याकडे बघितलं.

"राहू द्या तेवढी," ते म्हणाले. "एवढीपण नसली, तर टायमिंग मागं हाय समजायचं."